हिवाळ्यात घराबाहेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की बऱ्याच जणांचं फिरणं बंद होतं. ज्यांचं चालू राहतं त्यांचंही भराभर चालायचं, अंग तापवायचं आणि परतायचं, एवढंच होऊन बसतं. पायांना व्यायाम होतो, पण दिसत काहीच नाही. हिवाळ्यातला निसर्ग बघायचा तर न कुडकुडता दहा मिनिटं एका जागी थांबता आलं पाहिजे. खालची बरीचशी उत्तरं त्या दहा मिनिटांसाठी आहेत. महिने उत्तर गोलार्धातले दिले आहेत. दक्षिण गोलार्धात हिवाळा जून ते ऑगस्ट असतो, तिथल्यांनी तेवढा फरक धरावा.

थंडीत बाहेर हिंडलं की सर्दी होते ना?

सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाकडून येतात. हिवाळ्यात आपण दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या जवळ बसतो, विषाणूंना ते फारच सोयीचं पडतं. थंड, कोरड्या हवेने नाकाचं अस्तर सुकतं, त्यामुळे थंडीचा काहीच संबंध नाही असंही नाही. पण मोकळ्या हवेत तासभर फिरणं हे बंद खोलीत शिंकणाऱ्या माणसांत बसण्यापेक्षा बरं. अंगात ताप असेल तर मात्र घरी झोपून राहा.

कपडे नेमके किती आणि कसे घालायचे?

एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. कारण थर काढता-घालता येतात. अंगालगतच्या थराचं काम घाम शोषून बाहेर टाकण्याचं. तो लोकरीचा किंवा खेळाडू वापरतात तशा कृत्रिम धाग्याचा असावा. मधला थर हवा धरून ठेवणारा: लोकर, फ्लीस, नाहीतर पिसं भरलेलं जॅकेट. ऊब कापडात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. म्हणून घट्ट कपड्यांपेक्षा जरा सैल कपडे जास्त उबदार. सगळ्यांत वर वारा आणि पाऊस अडवणारं कवच.

सुती बनियन उन्हाळ्यात कितीही प्रिय असली तरी कडाक्याच्या थंडीत नको. सूत घाम पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओली बनियन अंगाला चिकटली की वरचं महागडं जॅकेट फारसं कामाचं राहत नाही. हिवाळ्यातला खरा वैरी थंडी नाही, ओल आहे. ती बाहेरून पावसाने येवो किंवा आतून घामाने.

आता या सगळ्यात लोक हमखास चुकतात ते निघताना. दारात उभं असताना उबदार वाटेल इतके कपडे चढवतात आणि पहिल्या चढावर घामाघूम होतात. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. चालायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांत अंग तापतं. घाम यायच्या आधी चेन उघडा, टोपी काढा. आणि थांबल्यावर, थंडी वाजायची वाट न पाहता, लगेच जास्तीचा थर चढवा. पिशवीत एक कोरडं, जाड जॅकेट फक्त थांबण्यासाठी म्हणून ठेवा. माझ्या मते दुर्बिणीपेक्षा आधी विकत घ्यावी अशी ती वस्तू आहे.

अंग गरम असतं, पण बोटं गारठतात. दोन-दोन मोजे घालू का?

बूट आधीच बेताचे असतील तर दुसऱ्या मोज्याने उलटंच होतं. पाय आवळला जातो, रक्त पोचत नाही आणि बोटं जास्तच बधिर होतात. बुटात बोटं हलवता आली पाहिजेत. हातांसाठी बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहतील असे पिशवीसारखे मोजे अधिक उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात.

मूळ कारण मात्र बहुधा बोटांत नसतं. शरीराला गारवा जाणवला की ते हृदय, फुप्फुसं, मेंदू यांची ऊब राखायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. तेव्हा हात गार पडले तर आधी छाती-पोटावर थर वाढवा, मान झाका, टोपी घाला. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे मात्र खरं नाही. डोकं आपल्या आकारमानाच्या हिशेबानेच उष्णता घालवतं. टोपी उपयोगी पडते ती बाकी अंग झाकलेलं आणि डोकंच तेवढं उघडं असतं म्हणून.

तापमान शून्याच्या वर आहे, तरी हाडं गोठतात. असं का?

वाऱ्यामुळे. त्वचेला लागून हवेचा एक पातळ उबदार पापुद्रा असतो, वारा तो सतत उडवून लावतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजून वाऱ्याच्या गारठ्याचा पहिला हिशेब मांडला, तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. आज अमेरिका आणि कॅनडात २००१ चं सुधारित सूत्र वापरतात. त्या सूत्राने, शून्य अंश सेल्सिअसला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे ६-७ अंशांसारखं जाणवतं. उणे १० ला तोच वारा उणे २० चा अनुभव देतो.

म्हणून हवामान बघताना आधी वारा बघा, मग आकडा. जाताना वाऱ्याला तोंड देत जा, येताना वारा पाठीवर घ्या. उलट केलंत तर घामेजलेल्या अंगाने वाऱ्यात परतावं लागेल. झाडांची दाट रांग, टेकडीची आडोशाची बाजू, मोठा खडक, यांपैकी काहीही थांबायला उत्तम.

दिवसाची कोणती वेळ बरी?

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. ऊब हवी तर दुपार. दव, धुकं, पक्षी बघायचे तर सकाळ, पण एक लक्षात असू द्या: सर्वाधिक गारठा मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या आसपास, बऱ्याचदा सूर्य उगवल्यानंतर थोड्या वेळाने असतो. जमीन रात्रभर उष्णता आकाशात सोडत राहते आणि कोवळं ऊन सुरुवातीला तिची भरपाई करू शकत नाही. आभाळ निरभ्र असेल तर रात्र अधिक थंड, ढग असतील तर कमी.

थंड हवा जड असते, ती उताराने वाहत दरीत जाऊन साचते. त्यामुळे शांत, निरभ्र पहाटे दरीचा तळ टेकडीच्या माथ्यापेक्षा थंड असू शकतो. धुकंही तळाशीच बसतं. खाली काहीच दिसत नसेल तर शे-दोनशे मीटर वर चढून बघा. पुष्कळदा धुकं पायाखाली राहतं आणि वर लख्ख ऊन असतं.

संध्याकाळचा हिशेब आधीच करून ठेवा. २१-२२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असतो, पण सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो त्याच्याही आधीच्या दिवसांत. मावळण्याच्या निदान तासभर आधी परतीच्या वाटेवर असावं. पिशवीत विजेरी हवीच. मोबाइलचा उजेड हा पर्याय नाही, ते का ते शेवटच्या उत्तरात.

झाडं उघडीबोडकी, फुलं नाहीत. मग बघायचं काय?

पानझडीच्या झाडाखाली उभे राहा आणि वर बघा. उन्हाळाभर पानांनी झाकलेला सगळा सांगाडा दिसतो: कुठली फांदी वाऱ्याने वळली, कुठली मोडून पुन्हा फुटली, कुठे रिकामं घरटं आहे. फांदीचं टोक जवळ घेऊन बघा. पुढच्या वसंतातली पानं तिथे कळीत घडी घालून तयार असतात. थंड प्रदेशातली बहुतेक झाडं या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार करतात. कळीवरचे खवले एकमेकांवर कौलांसारखे बसलेले असतात, काही झाडांत ते चिकट असतात, काहींत लवदार. कळीच्या खाली पान गळाल्याची खूण असते आणि त्या खुणेत बारीक ठिपके. पानाला पाणी नेणाऱ्या नळ्या तिथे तुटलेल्या असतात. नुसती कळी आणि ही खूण बघून झाड ओळखणारे लोक आहेत. दोन-तीन हिवाळ्यांत ते कुणालाही जमतं.

हिमतुषार, म्हणजे गवतावर साखर पेरल्यासारखा दिसणारा तो पांढरा थर, हा गोठलेला दव नव्हे. हवेतली वाफ पाणी न होता थेट स्फटिक होऊन बसते. भिंगातून बघितलंत तर पानाच्या कडेला बारीक सुया उभ्या दिसतील, कडेला जास्त आणि मध्ये कमी, कारण कडा लवकर थंड होते. तापमापकावर दोन-तीन अंश दिसत असतानाही हे होतं. तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात आणि गवत त्याहून बरंच थंड झालेलं असतं.

आणि पावलांचे ठसे. बर्फ असेल तर फारच छान, पण ओला चिखल किंवा दवाने भिजलेली वाळूही चालते. सशाचा ठसा बघून नवखे हमखास उलट दिशेला जातात. उडी मारताना त्याचे मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडतात, म्हणून दोन मोठे ठसे पुढे आणि दोन लहान मागे दिसतात. ससा गेला तो मोठ्या ठशांच्या दिशेने. कोल्हा मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच ठशात टाकतो, त्यामुळे त्याची वाट सुतात ओवल्यासारखी सरळ असते. उंदराच्या पावलांमध्ये कधी शेपटीची रेघ उमटते. ती वाट मध्येच संपली असेल आणि दोन्ही बाजूंना बर्फावर पंखांचे ओरखडे असतील, तर तिथे काय झालं ते सांगायला नको.

पक्षी हिवाळ्यात निघून जातात ना?

काही जातात, काही येतात. उत्तरेकडे बर्फाखाली गेलेल्या प्रदेशातले पक्षी खाली उतरतात, त्यामुळे उबदार भागांत तर हिवाळा हाच पक्ष्यांचा मोसम. जलचर पक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून दर जानेवारीत होते, आणि उत्तर अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुरू केलेली नाताळातली पक्षिगणना आजही चालू आहे. दोन्हींत हौशी माणसंच मोजतात.

पाणवठ्याच्या कडेला आडोसा धरून बसा, सूर्य पाठीशी ठेवा. रानात असाल तर एकेक पक्षी शोधत फिरू नका. हिवाळ्यात लहान पक्षी अनेक जातींचे मिळून थवे करतात. वीस मिनिटं काहीच नसतं आणि मग अचानक आजूबाजूची सगळी झाडं भरून जातात. थांबता आलं तरच हे दिसतं.

जवळ जाण्याची हाव मात्र धरू नका. थंड रात्र काढायला लहान पक्ष्याला दिवसभर खाऊन चरबी साठवावी लागते. उत्तर अमेरिकेतला काळ्या टोपीचा चिकडी रात्री स्वतःच्या शरीराचं तापमान काही अंशांनी उतरवून ती चरबी पुरवतो. आपण थवा उडवला की त्याच्या त्या शिलकीतून खर्च होतो. मोठ्या प्राण्यांचंही तेच. प्राणी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही जास्त जवळ गेलात.

बदकं बर्फावर अनवाणी उभी असतात. पाय गोठत नाहीत?

पायात जाणाऱ्या गरम रक्ताच्या नसा आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या नसा एकमेकींना चिकटून असतात. जाणारं रक्त आपली उष्णता येणाऱ्याला देऊन टाकतं. त्यामुळे पाय गोठणबिंदूच्या जरासा वर राहतो, आणि पाय मुळातच गार असल्याने उष्णता बाहेर फारशी जातच नाही.

हिमकण खरंच सहा कोनांचे असतात का, की चित्रातच?

खरंच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्येच याच्या कारणाचा विचार केला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं छायाचित्र घेतलं आणि आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त छायाचित्रं काढली. पुढे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये जपानमधल्या होक्काइदोत, सशाच्या केसावर, प्रयोगशाळेत हिमकण वाढवला आणि आकार तापमान व आर्द्रतेवर ठरतो हे दाखवलं. साधारण उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि नळ्या, उणे १५ च्या आसपास चित्रातल्यासारख्या नक्षीदार चांदण्या.

तुम्हीही बघू शकता. गडद रंगाचं लोकरी कापड आधी बाहेर ठेवून गार करा, त्यावर कण झेला, श्वास रोखून भिंगातून बघा. बरेच कण मोडके निघतील, हे धरून चाला.

रात्री आकाश बघायला हिवाळा चांगला, असं का म्हणतात?

रात्र मोठी आणि ठळक तारे पुष्कळ. हिवाळ्यात आपण आकाशगंगेच्या केंद्राच्या विरुद्ध दिशेला बघतो, त्यामुळे तिचा पट्टा उन्हाळ्याइतका भरगच्च नसतो, पण मृग, रोहिणी, कृत्तिका, मिथुन एकाच वेळी वर असतात. सुरुवात मृगापासून करा. एका रेषेतले तीन तारे सापडले की ती रेषा एका बाजूला वाढवा, व्याध लागेल. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच, अंतर फक्त ८.६ प्रकाशवर्षं. दुसऱ्या बाजूला तांबूस रोहिणी, तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. तीन ताऱ्यांच्या जवळच एक धूसर ठिपका आहे. साध्या दुर्बिणीतूनही तो धुरकट दिसतो, कारण तो तारा नाही, नवे तारे जन्माला घालणारा तेजोमेघ आहे.

१३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. चंद्र नसेल आणि जागा खरी काळोखी असेल तर तासाला शंभराच्या घरातही उल्का दिसू शकतात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा बघितलं की सगळं पहिल्यापासून. तेवढा वेळ नुसतं निश्चल राहायचं, म्हणून दिवसापेक्षा एक थर जास्त घ्या. उभं राहू नका, आडवे व्हा, पण खाली जाड फोमची चटई टाकूनच. जमीन पाठीतून ऊब ओढून घेते.

तसं बघितलं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. थंडी पडते ती अंतरामुळे नाही, पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.

गोठलेल्या तळ्यावर चालावं का?

स्थानिक जाणकाराने त्या दिवशी, त्या जागी बर्फ तपासला नसेल तर नाही. एका माणसासाठी स्वच्छ, घट्ट बर्फाचा किमान दहा सेंटिमीटर थर लागतो असं मानतात. पांढरा, हिमाचा बनलेला बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा. झरा, ओढ्याचं तोंड, बुडालेलं झाड यांच्याजवळ थर पातळ असतो आणि वरून ते कळत नाही.

डोंगरात बर्फ असताना जायचं आहे.

त्या भागाचा हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय निघू नका. बहुतेक धोकादायक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि त्यांत सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच भाराने सुटलेली असतात. बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा लावणारं शोधयंत्र, बर्फात खुपसून बघायची लांब काठी आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं आणि ते वापरायचा सराव हवा, कारण गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. हे सगळं शिकलेलं नसेल तर सपाट रान निवडा. तिथेही बघण्यासारखं भरपूर असतं.

थंडी बाधतेय हे ओळखायचं कसं?

हुडहुडी भरणं ही पहिली सूचना. त्यानंतर बोटं ऐकत नाहीत, चेन लावता येत नाही, बोलणं अडखळतं, पाय लटपटतात, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हे सुरू होतं आणि त्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. म्हणून सोबत्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. कुडकुडणं थांबलं पण माणूस गोंधळलेला आहे, तर ते सुधारणं नाही, बिघडणं आहे. ताबडतोब मदत बोलवा. तोवर वाऱ्यातून हलवा, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड, गरम पेय द्या. बाहेर दहा अंश तापमान असतानाही, पावसात भिजून वाऱ्यात सापडलं तर असं होऊ शकतं.

हिमदंश झालेली जागा पांढुरकी, टणक, बधिर होते. ती चोळू नका, बर्फाने तर नाहीच. पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. शेकोटीवर धरू नका. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही.

दारूच्या घोटाने ऊब येते ना?

वाटते. कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, आतली उष्णता बाहेर येते आणि निघून जाते. शिवाय अंदाज चुकायला लागतात. घरी परतल्यावर काय ते बघा.

तहान लागत नाही, तरी पाणी प्यायचं?

हो. थंडीत तहान कमी जाणवते, लघवी जास्त होते आणि कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जातं. थर्मासमध्ये कोमट पाणी न्या. कडाक्याच्या थंडीत बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. खाणं हातमोजे न काढता खाता येईल असं, थोडं थोडं आणि वारंवार.

हिवाळ्यात गॉगल कशाला?

बर्फ असेल तर तो चैनीचा नाही, गरजेचा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो आणि दर हजार मीटर उंचीला ही किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. उन्हाचं क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा, किरणं खालूनही येतात.

लहान मुलं आणि वयस्कर माणसांना न्यावं का?

जरूर, पण वेळ त्यांच्या हिशेबाने. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात आणि खेळात रमली की सांगत नाहीत. मधूनमधून त्यांच्या मानेला हात लावून बघा. पाठीवर किंवा गाडीत बसलेलं बाळ हलत नाही, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कपडे लागतात. वयस्करांच्या बाबतीत थंडीने रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयविकार असेल तर एकदम चढ किंवा बर्फ उपसण्यासारखं कष्टाचं काम नको. दमा असेल तर नाका-तोंडावर मफलर घ्या. दोन्हींत आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

दिवस लहान झाले की मन मरगळतं. बाहेर पडून काही होतं?

बऱ्याच जणांना होतं, आणि त्याचं एक सरळ कारण उजेड आहे. घरातल्या दिव्यांचा उजेड बहुधा शे-पाचशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर हजारांच्या घरात असतो. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ जागेवर ठेवतो. हिवाळी नैराश्य हा मात्र वेगळा आजार आहे, १९८४ मध्ये नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. दर हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे काहीच नकोसं वाटत असेल तर फेरफटक्यावर भागवू नका, उपचार आहेत.

हवा धुरकट असेल तर?

थंड हवा खाली अडकली की तिच्याबरोबर धूरही अडकतो. हवेचा निर्देशांक वाईट असेल त्या दिवशी पळणं, चढणं टाळा. वारा सुटेपर्यंत किंवा ऊन वर येईपर्यंत थांबा.

तंबूत शेगडी ठेवली तर चालेल?

नाही. कोळसा, लाकूड, गॅस, काहीही नाही, आणि विझत आलेले निखारेही नाहीत. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. ऊब हवी तर गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून झोपताना पायाशी घ्या.

मोबाइल अर्धा चार्ज असताना बंद का पडतो?

गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि फोन मागेल तितकी वीज ती देऊ शकत नाही. फोन आणि कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. बंद पडलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर पुष्कळदा पुन्हा चालते. बर्फाचे फोटो करडे येत असतील तर कॅमेऱ्याची प्रकाशमात्रा एक टप्पा वाढवा. तो सगळ्या दृश्याला सरासरी करड्यात बसवू पाहतो. आणि घरात शिरायच्या आधी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला. उबदार खोलीतलं बाष्प मग पिशवीवर साचतं, भिंगावर नाही. पिशवी तासभर तरी उघडू नका.